बातमी आणि फटका यांच्यामधला काळ : जिंतूरच्या वाटेवरचं आतिथ्य

हॉटेल मॅनेजमेंटच्या अभ्यासक्रमात 'बिझनेस एन्व्हायर्न्मेंट स्कॅनिंग' नावाचं एक प्रकरण असतं. मराठीत त्याला पर्यावरण म्हटलं की ऐकणाऱ्याला झाडं आठवतात, म्हणून आज आपण त्याला 'भोवताल वाचणं' म्हणू. सरकार काय ठरवतंय, रस्ता कुठून जाणार, लोकांच्या खिशात काय आहे, ते कधी आणि काय खातात, हे आधी बघायचं आणि मग पैसा घालायचा. फ्रान्सिस अग्विलर यांनी १९६७ साली या विषयावर पुस्तक लिहिलं, तिथून हा शब्द रूढ झाला. त्यांनी अभ्यास केला होता रसायन उद्योगातल्या व्यवस्थापकांचा. त्यांना असं दिसलं की या मंडळींना बाहेरची महत्त्वाची खबर कागदांपेक्षा माणसांकडून जास्त मिळते. आपल्याकडच्या चहाच्या हॉटेलवाल्याला हे सांगायला पुस्तक लागत नाही, हा भाग वेगळा.

खरं तर वाटसरूला जागा देणारा माणूस हा फार जुना खबर ठेवणारा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणात, धर्मशाळा सांभाळणाऱ्यावर जबाबदारी टाकलेली आहे की कोण प्रवासी उतरला ते त्यानं अधिकाऱ्याला कळवायचं. म्हणजे खबर त्याच्या दारात येत होती, पण ती राज्यासाठी. स्वतःच्या धंद्यासाठी ती वापरायची की नाही, हा प्रश्न त्याचा त्यानं सोडवायचा. आपला आजचा प्रश्नही तोच आहे, आणि तो जिंतूरमध्ये विचारायला कारण आहे.

जिंतूरचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. निजामाच्या राज्यात हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे झाली, १९०० च्या सुमारास ती सुरू झाली. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परतूर, सेलू, परभणी, पूर्णा, नांदेड करत ती सिकंदराबादला गेली. जिंतूर उत्तरेला राहिलं. पुढे पूर्णेहून हिंगोलीकडे फाटा गेला, तोही पूर्वेकडून. दोन्ही बाजूंना रूळ आणि मध्ये आपण. रेल्वेनं ज्यांना थोडक्यात चुकवलं त्यांचीही गंमत बघा. मानवतच्या स्टेशनचं नावच 'मानवत रोड'. गाव एकीकडे, गाडी दुसरीकडे. अशा ठिकाणी उतारूला गावापर्यंत नेणारा आणि वाटेत चहा पाजणारा, दोघांचाही धंदा उभा राहतो.

जिंतूरला तेही नव्हतं. म्हणून इथलं आतिथ्य पहिल्यापासून सडकेचं राहिलं. पाहुणा पायी, बैलगाडीनं, मग मोटारीनं येणार. आता यात एक मोठा धडा रेल्वेनंच दिलेला आहे. १९३० च्या आसपास देशभर खासगी मोटारी रेल्वेचे उतारू पळवू लागल्या. निजाम स्टेट रेल्वेनं काय केलं? नुसती तक्रार करत न बसता जून १९३२ मध्ये तिनं स्वतःच बससेवा सुरू केली, २७ गाड्यांनी. रूळ घालणाऱ्या कंपनीनं सडक वाचली! भोवताल वाचण्याचं आपल्या जुन्या राज्यातलं याहून चांगलं उदाहरण आम्हाला माहीत नाही.

इथे आमचा मुद्दा येतो. पुस्तकात राजकीय, आर्थिक, सामाजिक, तांत्रिक असे रकाने करून देतात. रकाने भरायला हरकत नाही, पण भरून झाले की विद्यार्थ्याला वाटतं काम झालं. आम्हाला विचाराल तर प्रत्येक रकान्यात एकच गोष्ट लिहावी : बातमी कधी कळली आणि फटका किंवा फायदा कधी पोचला. या दोहोंमधला काळ हाच नियोजनाचा काळ. बाकी सगळं वर्णन.

आता गेल्या दहाएक वर्षांतल्या गोष्टी या मापानं मोजू. २४ मार्च २०२० च्या रात्री आठला टाळेबंदी जाहीर झाली आणि बारापासून लागू झाली. अवधी चार तासांचा. यात कुणी काय वाचणार? इथे वाचन उपयोगी नाही, गाठीला चार पैसे असणंच उपयोगी. एसटीचा संप ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झाला, नोव्हेंबरमध्ये सगळीकडे पसरला आणि एप्रिल २०२२ पर्यंत चालला. स्टँडसमोरच्या माणसाला त्याची चाहूल काही दिवस आधी लागली असेल, पण तो साडेपाच महिने चालेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. महिलांना अर्धं तिकीट मात्र ९ मार्च २०२३ ला अर्थसंकल्पात जाहीर झालं आणि १७ मार्चला सुरू झालं. आठ दिवस. एसटीत बायका वाढल्या. मग स्टँडजवळच्या किती हॉटेलांनी स्वच्छ संडास आणि घटकाभर निवांत बसता येईल असा कोपरा केला? याचं उत्तर ज्यानं त्यानं आपल्या गावच्या स्टँडवर जाऊन बघावं.

सगळ्यात शिकण्यासारखं प्रकरण महामार्गावरच्या दारूचं. सर्वोच्च न्यायालयानं १५ डिसेंबर २०१६ ला निकाल दिला : महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, १ एप्रिल २०१७ पासून. साडेतीन महिने हातात होते. पण अनेकांचा समज असा की हे फक्त दुकानांना आहे, हॉटेल आणि परमिट रूमला नाही. ॲटर्नी जनरलचं मतही तसंच होतं. मग ३१ मार्चला, म्हणजे अगदी आदल्या दिवशी, न्यायालयानं स्पष्ट केलं की हॉटेलंही त्यात आली. पुढे जुलैत शहराच्या हद्दीतल्या रस्त्यांबाबत वाट मोकळी झाली, ते झालं. पण तोवर ज्याचा सगळा गल्ला एकाच परमिट रूमवर होता त्याच्या बँकेच्या हप्त्याचं काय झालं असेल? बातमी सगळ्यांना होती. 'आपल्याला लागू नाही' या आशेवर अवधी खर्च झाला.

आता पुढचं. समृद्धी महामार्ग २०१५ मध्ये जाहीर झाला, नागपूर ते शिर्डी ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला. सात वर्षं! असा रस्ता दोन्ही कडांनी बंद असतो. त्याच्या काठाला शेत आहे म्हणून ढाबा टाकता येत नाही. गाडी फक्त इंटरचेंजवरच खाली उतरते. आता समृद्धीला जोडणारा जालना–नांदेड द्रुतगती मार्ग परभणी जिल्ह्यातून जायचा आहे, सुमारे १७९ किलोमीटरचा. 'महामार्ग येतोय' एवढ्यावर इथे कुणी लॉजसाठी कर्ज काढत असेल तर त्याला आम्ही एकच विचारू : बाबा रे, इंटरचेंज कुठे आहे ते बघितलंस का? आज जालन्याहून मंठा, जिंतूर, औंढा करत जाणाऱ्या गाड्यांपैकी कुठल्या तिकडे वळतील आणि कुठल्या याच वाटेनं येत राहतील, हे जिंतूरच्या चौकात चार दिवस बसून मोजता येतं. लांबच्या मालमोटारी जातील. राहतील ते ज्यांना वाटेतच काम आहे.

आणि असे लोक आहेत. वेरूळचा घृष्णेश्वर करून औंढा नागनाथला जाणाऱ्याच्या वाटेत जिंतूर पडतं. श्रावणी सोमवार, महाशिवरात्र, या तारखा पंचांगात छापलेल्या असतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. २०१५ ला झाला, पुढचा २०२७ चा. त्र्यंबकेश्वर झालं की त्याच फेरीत वेरूळ, औंढा, परळी उरकणारे पुष्कळ असतात. इतका आधी कळणारा पाहुणा दुसरा नाही.

दुसरा पाहुणा नेमगिरीचा. गावाजवळच्या या जैन लेण्यांना लांबून यात्रेकरू येतात. त्यांच्यातले नेम पाळणारे सूर्यास्ताआधी जेवतात, कांदा-लसूण-बटाटा खात नाहीत. रात्री साडेआठला चूल पेटवणाऱ्या हॉटेलला हा पाहुणा दिसतच नाही, कारण तो येऊन परत गेलेला असतो. त्याच्यासाठी दुपारी चारला वेगळ्या भांड्यांत स्वयंपाक लागतो, म्हणजे आचाऱ्याची वेळ बदलायची. खर्च तेवढाच. चारठाण्याची जुनी मंदिरं आणि दीपस्तंभ बघायला येणारा अभ्यासू माणूस संख्येनं थोडा, पण तो मुक्कामाची खोली शोधतो, आणि ती मिळाली नाही तर परभणीला जातो.