‘एकतर्फी प्रेम’ आणि शाळेचा वर्ग

आजचा विषय घराघरातला आहे, पण इतिहासाच्या व्याख्यानात तो क्वचितच येतो. वयात येणाऱ्या मुलामुलींना नातं कसं जोडायचं, कसं जपायचं आणि मुख्य म्हणजे समोरचा नको म्हणाला तर ते कसं सोडून द्यायचं, हे आपण कधी शिकवलं का? शिकवलं असेल तर कोणाला?

सुरुवात एका शब्दापासून करू. ‘एकतर्फी प्रेमातून हल्ला.’ मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्याला हा मथळा इतका सवयीचा आहे की डोळा त्यावर थांबतही नाही. 1990 च्या मार्चमध्ये उल्हासनगरला दहावीच्या परीक्षेच्या वर्गात शिरून एका मुलीला जाळण्यात आलं. महाराष्ट्र हादरला. 1998 मध्ये सांगलीत कॉलेजात शिकणाऱ्या मुलीचा खून झाला. 2020 च्या फेब्रुवारीत हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला रस्त्यात पेटवण्यात आलं. तीस वर्षं गेली, पण बातमीचा शब्द तोच राहिला. आता बघा, या शब्दात ‘प्रेम’ कोणाचं? करणाऱ्याचं. म्हणजे गोष्ट त्याच्या बाजूने सांगितली जाते. मुलीच्या बाजूने सांगायची तर तिथे पाठलाग आहे, धमकी आहे, दहशत आहे. पण ‘पाठलाग’ हा स्वतंत्र गुन्हा म्हणून दंडसंहितेत यायला 2013 उजाडावं लागलं. तोवर पोलीस चौकीतही ‘छेडछाड’ हाच शब्द चालायचा. जणू काही खोडीच ती.

अशा प्रत्येक घटनेनंतर आपण शिकवलं, हे खरं. पण शिकवलं मुलींना. एकटी जाऊ नको, कोणाशी बोलू नको, मान खाली घालून ये. क्लासला सोडायला भाऊ जाऊ लागला. काहींचा क्लासच बंद झाला, काहींचं लग्न उरकून टाकलं. पुढे कराटेचे वर्ग आले, विद्यापीठांमधून ‘निर्भय कन्या अभियान’ आलं. ते वाईट म्हणत नाही आम्ही. मुलींना त्याचा उपयोग झालाच. पण त्याच वर्गात पलीकडच्या बाकांवर मुलगे बसले होते, त्यांना काय शिकवलं? त्यांचा अभ्यासक्रम थिएटरात चालू होता. उल्हासनगरनंतर तीनच वर्षांनी, 1993 मध्ये, ‘डर’ आला. त्यात पाठलाग करणारा खलनायक होता, पण टाळ्या त्यालाच पडल्या.

या विषयावर बोलणारं आपल्याकडे कोणी नव्हतं, असंही नाही. र. धों. कर्वे यांनी जुलै 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ काढलं आणि 1953 पर्यंत, मरेपर्यंत चालवलं. वाचक पत्रातून प्रश्न विचारायचे, कर्वे सरळ उत्तर द्यायचे. 1934 मध्ये अशाच उत्तरांवरून खटला झाला. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. तरी दंड झालाच. स्त्रीलाही स्वतःची इच्छा असते, शरीर तिचं आहे, हे कर्वे सांगत होते. ‘तिची इच्छा’ ही गोष्टच मान्य नसेल तर तिचा नकार कुठून मान्य होणार? कोर्टाने मात्र त्यात अश्लीलता तेवढी पाहिली.

आणि हीच गोष्ट 2007 मध्ये पुन्हा झाली. केंद्राने 2005 मध्ये शाळांसाठी किशोरावस्था शिक्षणाचा कार्यक्रम आणला होता. त्यातल्या चित्रांवरून गदारोळ झाला आणि महाराष्ट्र सरकारने तो राज्यात बंद केला. इतर काही राज्यांनीही तेच केलं. त्या कार्यक्रमात मित्रांच्या दबावाला नाही कसं म्हणावं, असेही धडे होते. चित्रांबरोबर तेही गेले. लैंगिक शिक्षण या नावाची धास्ती इतकी, की नात्याचं शिक्षणही त्यात बुडालं.

मग काम झालं ते बाजूच्या दाराने. 1991 मध्ये मुंबईत वर्तमानपत्रात एक जाहिरात आली: बायकोला मारणं ज्यांना मान्य नाही अशा पुरुषांनी पुढे यावं. त्यातून 1993 मध्ये ‘मावा’ ही पुरुषांची संघटना उभी राहिली, आणि 2006 पासून तिने कॉलेजच्या मुलग्यांशी बोलायला सुरुवात केली. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांची ‘तारुण्यभान’ शिबिरं होती. आणि 2008 मध्ये, म्हणजे बंदीच्या दुसऱ्याच वर्षी, मुंबई महापालिकेच्या 45 शाळांमध्ये सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी ‘जेम्स’ नावाचा प्रयोग सुरू झाला. आयसीआरडब्ल्यू, ‘कोरो’ आणि टाटा समाजविज्ञान संस्था यांनी मिळून तो चालवला. घरकाम कोणाचं, मारणं कधी ‘योग्य’ वाटतं, यावर मुलं बोलायची, वहीत लिहायची. मतं बदलली, वागणं तितक्या सहज बदललं नाही. हे आम्हाला तरी अपेक्षितच वाटतं, कारण वर्ग तासाभराचा आणि वस्ती दिवसभराची.

दुसरा प्रयोग मैदानावरचा. अमेरिकेत खेळाच्या प्रशिक्षकांनीच मुलग्यांशी मुलींच्या सन्मानाबद्दल बोलायचं, असा एक उपक्रम होता. तो मुंबईत ‘परिवर्तन’ नावाने आला, क्रिकेटच्या कोचमार्फत. शाळांच्या संघांत आणि गोवंडीच्या शिवाजीनगरात. कल्पना साधी आहे. मुलगा बापाचं ऐकेल न ऐकेल, पण कोचचं ऐकतो.

अमेरिकेचं नाव निघालंच आहे तर तिथलंही थोडं सांगतो. 1981 मध्ये जेम्स मेकपीस या अभ्यासकाने कॉलेजच्या विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा साधारण पाचातल्या एकाने प्रेमसंबंधात मारहाण अनुभवली होती. तोवर ही लग्नानंतरची गोष्ट समजत होते. 1994 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या एका काउंटीच्या 14 शाळांत आठवी-नववीसाठी ‘सेफ डेट्स’ हा अभ्यासक्रम पारखून पाहिला. निम्म्या शाळांत शिकवला, निम्म्यांत नाही. जिथे शिकवला तिथल्या मुलांमध्ये चार वर्षांनंतरही हिंसा कमी आढळली. म्हणजे हे शिकवता येतं, एवढं तरी नक्की झालं.

आपल्याकडे 2012 च्या पॉक्सो कायद्याने आणखी एक पेच आला. कायदा मुलांच्या रक्षणासाठी आहे, त्याची गरज होतीच. पण त्यात 18 वर्षांखालच्या मुलीचा शरीरसंबंध, तिची संमती असली तरी, गुन्हा ठरतो, आणि कळलेल्या प्रत्येकाने तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आता सोळा वर्षांची मुलगी घ्या. मित्र तिचा मोबाइल तपासतो, कोणाशी बोललीस म्हणून थोबाडीत मारतो. बाईंना सांगावं, तर गोष्ट चौकीत जाईल, चौकीतून घरी येईल, आणि घरचे शाळा बंद करतील. म्हणून ती बाईंना सांगत नाही. सांगितलंच तर मैत्रिणीला सांगते. नॉर्थ कॅरोलायनाच्या त्या अभ्यासक्रमातला एक तास नेमका त्या मैत्रिणीसाठी होता: कोणी असं सांगत आलं तर काय बोलायचं.