वेड, पहारा आणि साक्ष

केन केसी या अमेरिकन ग्रंथकाराची ‘वन फ्ल्यू ओव्हर द ककूज नेस्ट’ ही कादंबरी १९६२ सालीं प्रसिद्ध झाली. मनोरुग्णालयांतील एका बंडाची ही कथा आज अनेक देशांच्या विद्यालयांत अभ्यासली जाते, आणि १९७५ सालच्या चित्रपटामुळें ती न वाचणाऱ्यांच्याही परिचयाची झाली आहे. अलीकडे इचलकरंजीस आम्हीं कांहीं स्नेह्यांसह तिचें सावकाश वाचन केलें. कथेचा निवेदक ब्रॉम्डेन याला रुग्णालयांतील अखंड घरघर ऐकून पूर्वीं पाहिलेल्या एका कापडगिरणीची आठवण होते, आणि भिंतींच्या आड कोणतें तरी प्रचंड यंत्र माणसांना एका मापाचीं करीत आहे असा भास होतो. १९०४ सालीं ज्या गांवांत पहिला यंत्रमाग आला आणि पुढें ज्याचा संसारच मागांच्या खडखडाटावर चालूं लागला, तेथील वाचकाला ही उपमा समजावून सांगावी लागत नाहीं. परंतु कादंबरीनें आमच्या मनांत घर केलें तें निराळ्या कारणानें. ती वाचतांना आम्हांस वारंवार आठवण झाली ती याच मुलखाच्या एका धन्याची, करवीरच्या चौथ्या शिवाजी महाराजांची.

कथानक थोडक्यांत असें. मॅकमर्फी नांवाचा एक दांडगा कैदी शेतावरील सक्तमजुरी चुकवावी म्हणून वेडाचें सोंग घेऊन रुग्णालयांत येतो. तेथें परिचारिका रॅचेड हिचें राज्य आहे. ती कोणावर हात उगारीत नाहीं. नियम, नोंदवही आणि ‘हें सारें तुमच्याच हिताचें’ हें पालुपद, एवढ्यावर तिचा अंमल चालतो. दूरचित्रवाणीवर बेसबॉलचे सामने पाहूं द्यावे, या क्षुल्लक मागणीसाठीं मतदान होतें. वीस हात वर होतात. तेव्हां बाई सांगतात कीं दालनांत माणसें चाळीस आहेत. ज्यांना आपण कोठें आहोंत याचीही शुद्धि नाहीं, त्यांचींही मतें मोजलीं पाहिजेत. आजवर मुका व बहिरा समजला गेलेला ब्रॉम्डेन एकविसावा हात वर करतो. पण तोंवर सभा संपल्याचें बाईंनीं जाहीर केलेलें असतें!

मॅकमर्फीस मागाहून उमगतें कीं तुरुंगाची मुदत ठरलेली असते, येथील मुदत मात्र पहारेकऱ्याच्या मर्जीवर आहे. तो भांडला तर तें रोगाचें लक्षण, आणि गप्प बसला तर तो उपचाराचा गुण. शेवटीं विजेचे झटके, आणि त्यानंतर मेंदूवरील शस्त्रक्रिया त्याला कायमचा निर्जीव करून सोडते. या शस्त्रक्रियेचा पाया घालणाऱ्या एगास मोनिझ या पोर्तुगीज वैद्यास १९४९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें होतें, हें येथें ध्यानांत घेण्याजोगें आहे. कॅलिफोर्नियांतील मेन्लो पार्क येथील रुग्णालयांत केसी स्वतः रात्रपाळीला चाकरीस होता. त्यानें राक्षस कल्पिले नाहींत. आपल्या काळच्या मान्य विद्येचेंच एक दालन उघडून दाखविलें.

आतां करवीरकडे वळूं. दुसरे राजाराम महाराज विलायतेच्या प्रवासाहून परततांना ३० नोव्हेंबर १८७० रोजीं इटलींतील फ्लॉरेन्स येथें निवर्तले. त्यांस पुत्र नव्हता. १८७१ सालीं भोसले कुळांतील नारायणराव या आठ वर्षांच्या मुलास दत्तक घेण्यांत आलें व त्याचें नांव शिवाजी ठेविलें गेलें. कारभार इंग्रज पोलिटिकल एजंट आणि त्याच्या संमतीनें नेमलेले कारभारी यांच्या हातीं होता. मुलाचें शिक्षण, त्याचे सोबती, त्याची दिनचर्या, सर्व इतरांनींच ठरवावयाचें. याच सुमारास करवीरची मांडलिक जहागीर जी इचलकरंजी, तिचे धनी नारायणराव घोरपडे हेही अल्पवयी होते. ते १८७६ सालीं दत्तक आले, १८९२ सालीं त्यांस अधिकार मिळाले, आणि पुढें ग्रंथकारांचे आश्रयदाते म्हणून ते महाराष्ट्रभर नांवाजले. करवीरच्या बालराजाच्या कपाळीं मात्र वेगळेंच लिहिलें होतें.

महाराज वयांत येऊं लागले तशी त्यांची प्रकृति बिघडल्याची वार्ता बाहेर पडली. त्यांना वेडाचा विकार जडला आहे, असें सरकारपक्षाचें म्हणणें. महाराजांचा छळ होत आहे, आणि वेड असेल तर तें त्या छळानेंच लाविलेलें आहे, असें लोकांचें म्हणणें. १८८१ च्या जानेवारींत निघालेल्या ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनीं लोकांची बाजू हातीं घेतली आणि कारभारी महादेव वासुदेव बर्वे यांजवर जबर टीका केली. या टीकेस आधार होता तो बर्व्यांचीं म्हणून सांगितलेल्या कांहीं पत्रांचा. बर्व्यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद लाविली व तीं पत्रें बनावट ठरलीं. संपादकांनीं दिलगिरी प्रदर्शित केली, तरी १७ जुलै १८८२ रोजीं टिळक व आगरकर यांस चार महिन्यांची शिक्षा झालीच. या खटल्यांत जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून रामशेट बापूशेट उरवणे यांनीं दोघांसाठीं १०,००० रुपयांचा जामीन दिला होता. वैचारिक मतभेद बाजूस ठेवून दाखविलेलें तें औदार्य विसरतां येण्यासारखें नाहीं.

दोघे संपादक २६ ऑक्टोबर १८८२ रोजीं सुटले, आणि आगरकरांनीं ‘डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे १०१ दिवस’ हें पुस्तक लिहिलें. ज्यांच्यासाठीं हा सारा प्रकार घडला त्यांचे दिवस मात्र मोजलेले नव्हते. खटला बर्व्यांच्या अब्रूचा होता, महाराजांच्या प्रकृतीचा नव्हता. त्यामुळें महाराजांस कोणीं काय विचारावें, आणि त्यांनीं कोणासमोर काय सांगावें? राज्यकारभार १८८२ सालीं कागलचे जयसिंगराव घाटगे यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाकडे गेला. महाराजांस पुढें अहमदनगरच्या (आतांच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यांत गोऱ्या पहाऱ्यांत ठेवण्यांत आलें. तेथें २५ डिसेंबर १८८३ रोजीं ग्रीन नांवाच्या गोऱ्या शिपायाशीं झालेल्या झटापटींत त्यांचा अंत झाला. वय अवघें वीस. सरकारी चौकशींत ग्रीनवर दोष आला नाहीं. १७ मार्च १८८४ रोजीं जयसिंगरावांचे पुत्र यशवंतराव करवीरच्या गादीवर दत्तक आले. तेच पुढें शाहू छत्रपति म्हणून विख्यात झाले.

या घटनांची सांखळी जोडून तर्क करणें सोपें आहे, आणि तो गेलीं कित्येक वर्षें होतही आला आहे. परंतु तर्क म्हणजे पुरावा नव्हे. बनावट पत्रांचा धडा याच खटल्यानें आपणांस शिकविला आहे. आमचें लक्ष वेधून घेतलें तें दुसऱ्याच गोष्टीनें. त्या झटापटीला नांव काय द्यावें? वेड्याचा झटका म्हणावें, कीं बंदिवानाचें बंड? कादंबरींत या प्रश्नाचें उत्तर मिळतें, कारण तेथें ब्रॉम्डेन आहे. सर्वांनीं त्याला बहिरा मानल्यामुळें त्याच्यादेखत सारे मोकळेपणानें बोलले. त्यानें तें ऐकलें, खिडकी फोडून तो बाहेर पडला आणि त्यानें साक्ष दिली. नगरच्या किल्ल्यांत ब्रॉम्डेन नव्हता. महाराजांविषयीं जें कांहीं कळतें तें एक तर पहारेकऱ्यांच्या कागदांतून, नाहीं तर दूरवरच्या कैवाऱ्यांच्या लेखांतून. दोहोंतही महाराज आहेत. त्यांचा आवाज नाहीं.

येथेंच कादंबरीचा एक दोषही आम्हांस नमूद करावासा वाटतो. तिच्यांतील स्त्रियांचीं व काळ्या नोकरांचीं चित्रें एकांगी आहेत, ही तक्रार जुनी व रास्त आहे. परंतु त्याहून खोल दोष हा कीं मॅकमर्फी खरोखर वेडा नाहीं. तो शहाणा आहे म्हणून त्याच्यावरील अन्याय आपणांस झोंबतो. करवीरच्या प्रकरणींही लोकपक्षाचें सारें बळ ‘महाराज मूळचे वेडे नव्हेत’ या एकाच मुद्द्यावर खर्ची पडलें. समजा, ते खरोखरच आजारी होते. मग आजारी मनुष्याचें त्याच्याच रक्षकाशीं झालेल्या झटापटींत मरण ओढवावें, हें कमी भयंकर ठरतें काय? आमच्या मतें तें अधिकच भयंकर होय. शहाणा मनुष्य निदान आपलें गाऱ्हाणें मांडूं शकतो. ज्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवणार नाहीं, त्याच्या अंगावर हात टाकणाऱ्यास भय कसलें? ‘तो वेडा होता काय?’ या वादांत दोन्ही पक्ष इतके गुंतले कीं ‘त्याच्या जिवाची जबाबदारी कोणाची?’ हा प्रश्न मागें पडला.

हा प्रश्न राजवाड्यापुरता नव्हता. रत्नागिरीस १८८६ सालीं आणि ठाण्यास १९०१ सालीं वेड्यांचीं इस्पितळें निघालीं. १९१२ चा कायदा मुख्यतः माणूस आंत कसा घ्यावा व बाहेर केव्हां सोडावा याचा होता. १९८७ चा कायदा झाला, तरीही ६ ऑगस्ट २००१ रोजीं तामिळनाडूंतील एरवाडी येथें आग लागली आणि सांखळदंडांनीं बांधलेले रुग्ण जागच्या जागीं जळून मेले. २०१७ च्या कायद्यानें सांखळीस मनाई केली, भूल दिल्यावांचून विजेचे झटके देणें निषिद्ध ठरविलें, आणि आपल्यावर कोणता उपचार व्हावा वा होऊं नये हें आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्क रुग्णास दिला. म्हणजे एकविसाव्या हाताची मोजणी कायद्यानें तरी मान्य केली. ती प्रत्यक्षांत कितपत होते, हें पाहण्याचें काम भिंतींच्या बाहेर असणाऱ्यांचें आहे.

आमच्या वाचनाच्या शेवटच्या दिवशीं एका वृद्ध स्नेह्यांनीं विचारलें, “महाराजांनीं स्वतः चार ओळी लिहून ठेवल्या असत्या तर?” त्यावर दुसरे म्हणाले, “लिहिल्या असत्या, तर त्याही वेडाचा पुरावा म्हणूनच दप्तरीं लागल्या असत्या.” बाहेर माग चालू होते. कोणी कांहीं बोललें नाहीं.