रिद्धपूरचे ताट आणि रिओखाचा पेला

अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे तेराव्या शतकापासून महानुभाव पंथाचे केंद्र आहे. चक्रधरस्वामींचे गुरू श्रीगोविंदप्रभू यांचे वास्तव्य येथेच होते. त्यांच्या चरित्रात खाण्याच्या लीळा ठायी ठायी येतात. मनाला येईल त्या घरात शिरावे, समोर असेल ते चाखावे, अस्पृश्य मानलेल्यांच्या वस्तीतही निःसंकोच जावे, असे त्यांचे वागणे होते. शिवाशिवीच्या त्या काळात याहून मोठे धाडस दुसरे नव्हते.

पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांनी उत्तरापंथे, म्हणजे उत्तरेकडे, प्रयाण केल्यावर त्यांचे शिष्य नागदेवाचार्य आणि इतर अनुयायी रिद्धपुरास आले. महदाइसेचे धवळे (विवाहगीते) आणि म्हाइंभटांनी लिहिलेले चक्रधरांचे चरित्र ‘लीळाचरित्र’ याच परिसरात मराठीत आकाराला आले. खाण्यापिण्याबाबत पंथाने मद्य-मांस वर्ज्य ठरवले. संन्याशाने भिक्षेत मिळेल ते खावे, चवीच्या मोहात गुंतू नये, असा दंडक घातला.

त्याच तेराव्या शतकात स्पेनमधील रिओखा प्रांतात सान मियानच्या मठाशी संबंधित कवी गोन्सालो दे बेर्सेओ लॅटिन सोडून लोकभाषेत लिहीत होता. आपल्या काव्याचे मोल त्याने पेलाभर चांगली वाइन असे सांगितले, कारण तिथे द्राक्षमद्य उपासनेतही होते आणि जेवणातही. रिओखाची ओळख आज तेम्प्रानियो द्राक्षाच्या गडद लाल वाइनने होते. ती भाजलेल्या मांसाबरोबर घेतात, कारण मांसातील प्रथिने आणि चरबी यांमुळे वाइनमधील टॅनिनचा तुरटपणा सौम्य लागतो.

धर्म दोन्हीकडे लोकभाषेत उतरला, पण ताटे वेगळी राहिली. मद्य-मांस वर्जनाचा नियम महानुभाव पंथात आजही कायम आहे.