लाईनवर पाय

मागच्या महिन्यात मी आयुष्यात पहिल्यांदा गोल्फच्या ग्रीनवर पाय ठेवला, आणि तो नेमका चुकीच्या जागी ठेवला.

झालं असं, की ऑफिसातले एक सीनियर सर "चल, नुसता बघायला तरी ये" म्हणून रविवारी सकाळी मला घेऊन गेले. बराच वेळ मी शहाण्यासारखा मागे मागे चालत होतो. सरांचा चेंडू ग्रीनवर आला, होलपासून पंधराएक फुटांवर. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ग्रीन म्हणजे होलभोवतीचं अगदी बारीक कापलेलं गवत. तिथे चेंडू उडवत नाहीत, पटरने हलकेच मारून घरंगळत होलमध्ये घालतात.) सर चेंडूमागे उकिडवे बसून, एक डोळा मिटून काहीतरी बघत होते. मला वाटलं, वेळ आहे. झेंडा जवळून बघावा म्हणून मी सरळ मधूनच चालत गेलो. सर काही बोलले नाहीत. कॅडीच हळू आवाजात म्हणाला, "सर, लाईनवरून नका जाऊ."

कुठली लाईन? गवतावर तर काहीच आखलेलं नव्हतं!

आता घरच्या मंडळींना माझी खोड माहीत आहे. असं काही झालं की ते मुळापासून वाचून काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. तर वाचायला लागलो, आणि पार १७४४ सालात पोचलो. त्या वर्षी एडिंबराजवळच्या लीथ इथल्या गोल्फ खेळणाऱ्या सद्गृहस्थांनी एका स्पर्धेसाठी नियम लिहून काढले. लेखी नियमांतले हे सगळ्यात जुने, फक्त तेरा. त्यातल्या एकाचा भावार्थ असा, की होलमध्ये घालताना प्रामाणिकपणे होलकडेच मारा. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू तुमच्या वाटेत नसेल तर उगाच त्याच्यावर नेम धरू नका. आणि दोन चेंडू एकमेकांना चिकटलेच, तर पहिला उचलून ठेवा, मागचा खेळून होईपर्यंत.

चिकटले तर. नुसता वाटेत आडवा आला तर उचलायचा, असं काही त्यात नाही. म्हणजे समोरच्याचा चेंडू बरोबर माझ्या आणि होलच्या मध्ये येऊन बसला, तर ते माझं नशीब. याला म्हणतात स्टायमी. ("आय ॲम स्टायमीड" असं इंग्रजीत कोणी म्हणालं, की ते गोल्फमधून आलंय हे मला आजवर ठाऊक नव्हतं.) पुढे नियम असा ठरला, की दोघांची एकमेकांविरुद्ध मॅच असताना चेंडूंमध्ये सहा इंचांहून जास्त अंतर असेल तर आडवा चेंडू हलवायचा नाही. वळवून मारा, नाहीतर वरून उडवून मारा. ग्रीनवरच उडवायचा म्हणजे गवताचीही वाट!

हे वाचताना मला अण्णामामाचा कॅरम आठवला. मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या सोंगटीपुढे त्याची काळी सोंगटी आडवी आली, की मी "थोडी सरकवू का?" म्हणायचो. मामा हसायचा पण नाही. "आडवी आहे म्हणूनच तर खेळायचं," एवढंच. मी एकदा रडून बोर्ड उधळला होता. मामेभावंडं अजून सांगतात ते. असो.

स्टायमीची सगळ्यात गाजलेली गोष्ट १९३० सालची, सेंट अँड्र्यूजची. बॉबी जोन्स हा अमेरिकन हौशी खेळाडू ब्रिटिश अमॅच्युअरच्या चौथ्या फेरीत आदल्या वर्षीच्या विजेत्या सिरिल टॉलीशी खेळत होता. अठरा होलनंतर बरोबरी. एकोणिसाव्या होलवर जोन्सचा पट गेला नाही, पण चेंडू थांबला तो नेमका टॉलीच्या वाटेत. टॉली अडकला आणि हरला. जोन्स ती स्पर्धा जिंकला, मग ब्रिटिश ओपन, अमेरिकन ओपन आणि अमेरिकन अमॅच्युअरही. एका वर्षात चारही! त्या चारांच्या पायात कुठेतरी टॉलीसमोर थांबलेला तो चेंडू आहे. जोन्सने मुद्दाम केलं असं नाही, तो होलकडेच मारत होता. पण टॉलीचं काय? त्याने काय चूक केली होती? मी दोन दिवस टॉलीच्या बाजूने होतो.

शेवटी १९५२ च्या नियमांत ब्रिटन आणि अमेरिकेच्या संघटनांनी मिळून स्टायमी काढून टाकली. आडवा चेंडू आता नाणं किंवा मार्कर ठेवून उचलतात. न्याय्यच झालं म्हणा. जोन्सला मात्र ते पटलं नाही, त्याने नंतर पुस्तकातही स्टायमीची बाजू मांडली. आणि मलाही आता त्याचं थोडं थोडं पटायला लागलंय. गोल्फमध्ये ज्याचा त्याचा चेंडू. दुसऱ्याचा खेळ तुमच्या खेळात शिरण्याची जवळजवळ एकच जागा होती, ती ग्रीनवर होती, आणि तीच गेली.

मग उरला काय, तर शिष्टाचार. दुसऱ्याच्या लाईनवर पाय द्यायचा नाही, सावली पाडायची नाही, त्याच्या नजरेच्या रेषेत उभं राहायचं नाही. गंमत बघा: २०१८ पर्यंत खेळाडूने *स्वतःच्या* लाईनला हात किंवा पाय लावला तर काही अपवाद सोडून दंड होता. दुसऱ्याच्या लाईनवर चुकून पाय दिला तर काहीच दंड नाही, नुसती मान खाली घालायची. २०१९ पासून नियम सैल झाले. स्वतःच्या लाईनला चुकून स्पर्श झाला तर आता दंड नाही, बुटांच्या खिळ्यांचे ओरखडेसुद्धा नीट करता येतात. (कॅडीला मात्र उलट आवळलं: खेळाडू मारायला उभा राहिला की त्याच्या मागे उभं राहून लाईन दाखवायची नाही.) म्हणजे माझ्या बुटाचा ठसा सर हवं तर दुरुस्त करू शकले असते.

त्यांनी केला नाही. माझ्या ठशावरूनच मारला. चेंडू होलच्या डाव्या कडेवरून निसटला, आणि सर म्हणाले, "जोर कमी पडला."

जोर कमी पडला नव्हता, मी बघत होतो. पुढच्या रविवारी पुन्हा बोलावलंय.