जंगल संगीताचा आरंभकाळ आणि जुनी ध्वनियंत्रे

लंडनमध्ये १९९० च्या दशकाच्या आरंभी आकारास आलेल्या जंगल या नृत्यसंगीताचा विचार बहुधा जमैकन साउंड सिस्टिमची परंपरा, रेव्ह मेळावे आणि विनापरवाना नभोवाणी केंद्रे यांच्या अनुषंगाने केला जातो. तो योग्यच आहे. तथापि या संगीताचा प्रत्यक्ष नाद कसा घडला, हे जाणण्यासाठी ते ज्या यंत्रांवर तयार झाले त्यांच्याकडे वळावे लागते.

या संगीताचा कणा म्हणजे 'द विन्स्टन्स' या अमेरिकन वाद्यवृंदाच्या १९६९ सालच्या 'आमेन, ब्रदर' या ध्वनिमुद्रिकेतील ग्रेगरी कोलमन यांचे जेमतेम सात सेकंदांचे एकल ड्रमवादन. त्याची मूळ गती मिनिटाला सुमारे १३७ ठोक्यांची. जंगलला ती १६० च्या पुढे हवी होती. अकाई कंपनीच्या एस-९५० या सॅम्पलरवर ध्वनिनमुन्याची गती वाढवली की स्वरही चढे. १६५ ठोक्यांपर्यंत नेलेला नमुना सुमारे तीन अर्धस्वरांनी वर जातो. आरंभीच्या जंगलमधील ड्रमचा ताठ, टणक आवाज काही अंशी या हिशेबातून आला आहे.

१९८८ मध्ये आलेले हे यंत्र १२ बिटांचे होते. मूळ ७५० किलोबाइट स्मृतीत उत्तम दर्जाचे ध्वनिमुद्रण दहा-बारा सेकंदांचेच मावे. जागा वाचवण्यासाठी नमुन्याचा दर्जा उतरवला जाई. त्यातून आवाजात खरखर आणि दाटपणा येई. वादनाचे तुकडे करून प्रत्येक तुकडा एकेका पट्टीला जोडला जाई आणि मिडी जोडणी अंगभूत असलेल्या अटारी एसटी संगणकावर त्यांची नवी मांडणी होई. कोलमन यांनी कधीही न वाजवलेले ताल त्यांच्याच ठोक्यांतून निर्माण झाले ते असे.

स्वर न बदलता कालावधी वाढवण्याची सोयही या सॅम्पलरमध्ये होती. यंत्र ध्वनीचे सूक्ष्म खंड करून ते पुन्हा पुन्हा वाजवी. ताण फार झाला की सांधे ऐकू येत आणि मानवी आवाज धातूसारखा थरथरे. निर्मात्यांच्या लेखी तो दोष असावा. जंगलच्या कलावंतांनी तो मुद्दाम वापरला.

मात्र ही सर्व वैशिष्ट्ये अभावातून जन्मली, हे लोकप्रिय मत अपुरे आहे. अर्बन शेकडाउनचे 'सम जस्टिस' (१९९२) अमिगा या घरगुती संगणकावर तयार झाले हे खरे. पण त्याच वर्षीच्या गोल्डीच्या 'टर्मिनेटर'मध्ये गती कायम ठेवून ड्रमचा स्वर चढवण्यासाठी इव्हेंटाइड एच-३००० हे व्यावसायिक स्टुडिओंतील महागडे उपकरण वापरले गेले. शिवाय अकाईचे सॅम्पलर पॉप आणि हाउस संगीतकारांकडेही होतेच. द्रुत ड्रमखाली निम्म्या गतीचा मंद्र बास ठेवावा, हे यंत्राने नव्हे, डब आणि रेगे ऐकून तयार झालेल्या कानाने ठरवले.

या सुलभ तंत्राने वादन वादकापासून अलगही केले. नमुन्याच्या अगणित वापराबद्दल 'द विन्स्टन्स'ना अनेक दशके मानधन मिळाले नाही. २०१५ मध्ये श्रोत्यांनी वर्गणीतून जमवलेले सुमारे २४,००० पौंड वाद्यवृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना देण्यात आले. कोलमन यांचे निधन त्यापूर्वीच, २००६ मध्ये, झाले होते.