दूध व अंडी यांचे वनस्पतिजन्य पर्याय

दूध, दुधाचे पदार्थ आणि अंडी यांच्या जागी स्वयंपाकात व आहारात वापरायचे, धान्ये, कडधान्ये, तेलबिया, नारळ व सुकामेवा यांपासून केलेले पदार्थ. भारतात शाकाहारी माणूस दूध घेतो, अंडे खात नाही. युरोप-अमेरिकेत शाकाहारी म्हणवणारे बरेच जण दोन्ही घेतात. त्यामुळे आपल्याकडे शाकाहाराकडे वळणाऱ्याला मुख्यतः अंड्याला पर्याय लागतो. दूध, दही, तूपही सोडणारा तो व्हीगन. या विचाराची संघटना, व्हीगन सोसायटी, १९४४ साली ब्रिटनमध्ये डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केली. याखेरीज दुधातील शर्करा (लॅक्टोज) न पचणारे आणि दुधाची किंवा अंड्याची ॲलर्जी असणारे लोकही हे पर्याय शोधत असतात.

पर्याय निवडताना पदार्थाच्या नावापेक्षा त्याचे काम पाहावे. चहातले दूध तुरटपणा कमी करते, कढीतले ताक आंबटपणा देते, केकमधले अंडे पीठ धरून ठेवते व फुगवते, आणि वाढत्या मुलाच्या पेल्यातले दूध त्याला प्रथिने व कॅल्शियम पुरवते. ही कामे वेगवेगळी आहेत आणि एकच डबा ती सगळी करू शकत नाही. महागडी बदामपेये आणूनही लोकांची निराशा होते, ती बहुधा हे न पाहिल्यामुळे.

इतिहास : वनस्पतींपासून दुधासारखे पेय काढणे ही अलीकडची फॅशन नव्हे. चीनमध्ये सोयाबीनचे दूध व त्यापासूनचे टोफू शतकानुशतके खाल्ले जात आहे. मध्ययुगीन अरबी व युरोपीय पाककृतींत बदामाचे दूध वारंवार येते. ख्रिस्ती उपवासांच्या काळात दूध व अंडी वर्ज्य असल्याने श्रीमंत घरांत त्याला मोठी मागणी असे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ली यु-यिंग यांनी पॅरिसजवळ सोयाबीनच्या पदार्थांचा कारखाना चालवला. हाँगकाँगमध्ये १९४० साली ‘व्हिटासॉय’ सुरू झाले, ते गरिबांना परवडेल असे पौष्टिक पेय देण्यासाठी. ओटचे दूध मात्र खरोखर नवे आहे. स्वीडनमधील लुंड विद्यापीठात रिकार्ड उस्ते यांनी १९९० च्या दशकात ओटमधील पिष्ट विकरांनी फोडून ते तयार केले. पिष्ट फुटल्यावर माल्टोज ही शर्करा बनते, म्हणून साखर न घालताही ते गोडसर लागते. घरी मिक्सरवर काढलेले ओटचे दूध तापवले की खळीसारखे होते, त्याचे कारण विकरांची ही पायरी घरी होत नाही.

भारतात या प्रश्नाशी सर्वांत प्रामाणिकपणे झुंजलेली व्यक्ती म्हणजे महात्मा गांधी. दक्षिण आफ्रिकेतील टॉल्स्टॉय फार्मवर १९१२ साली त्यांनी दूध सोडले. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात फिरताना त्यांचा आहार मुख्यतः शेंगदाण्याचे लोणी आणि लिंबू एवढाच होता. त्यातच ते गंभीर आजारी पडले. हवापालटासाठी माथेरानला नेऊनही गुण आला नाही. दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही, असे मुंबईच्या डॉ. दलालांनी सांगितले. व्रत गाई-म्हशीच्या दुधाचे, तर शेळीचे घ्या, हा तोडगा कस्तुरबांचा. गांधींनी तो स्वीकारला, पण व्रताचा आत्मा आपण मोडला ही बोच त्यांनी आत्मकथेत नोंदवून ठेवली. दुधाला पूर्ण तोडीचा वनस्पतिजन्य पर्याय त्यांना हवा होता आणि त्या काळी तो त्यांना कोणी देऊ शकले नाही. आजचा दूध सोडणारा त्या मानाने फार भाग्यवान आहे.

महाराष्ट्रात सर्वाधिक घरांत शिरलेला दुग्धपर्याय मात्र तत्त्वासाठी आला नाही, तो स्वस्ताईमुळे आला. मुंबईतील शिवडीच्या कारखान्यात वनस्पती तूप बनू लागले आणि १९३७ साली ‘डालडा’ बाजारात आला. वनस्पती तेलात हायड्रोजन मिसळून ते रवाळ, घट्ट केले जाई. साजूक तूप न परवडणाऱ्या घरांचे सणवार त्याने निभावले. पुढे या प्रक्रियेत तयार होणारे ट्रान्स फॅट हृदयाला घातक असल्याचे सिद्ध झाले. भारतात १ जानेवारी २०२२ पासून तेले व स्निग्ध पदार्थांत त्याचे प्रमाण २ टक्क्यांवर जाऊ देता येत नाही. पदार्थ वनस्पतिजन्य आहे म्हणून तो आपोआप हितकर ठरत नाही, याचा याहून मोठा दाखला आपल्या स्वयंपाकघरात दुसरा नाही.

कोकण व गोवे : या पट्ट्यात पर्याय शोधायची गरजच कमी पडते. नारळ खवून, वाटून, पिळून काढलेला रस येथे आमटीपासून पक्वान्नापर्यंत सगळीकडे लागतो. सोलकढी, गोड रसात बुडवलेल्या खापरोळ्या, रसातले शिरवाळे, चण्याची डाळ व साबुदाणा घालून केलेले गोव्याचे मणगणे, हळदीच्या पानातल्या पातोळ्या यांत दुधाचा थेंब नसतो. काकडी, रवा व गूळ यांचे धोंडस, म्हणजे गोव्यातील तवसळी, हा तर बिनदुधाचा व बिनअंड्याचा केकच आहे. पहिला दाट रस बाजूला ठेवतात, पातळ रसात पदार्थ शिजवतात आणि दाट रस शेवटी घालून उकळी फुटण्याआधी भांडे उतरवतात. नाहीतर रस फाटतो. हाच नियम सोया व बदामाच्या दुधालाही लागू पडतो. एक ध्यानात ठेवावे, नारळाच्या दुधात स्निग्धांश भरपूर असला तरी प्रथिने व कॅल्शियम अगदी थोडे असते. चवीला तो उत्तम पर्याय आहे, पोषणाला नव्हे.

सोयाबीन व शेंगदाणा : पोषणात गाईच्या दुधाच्या जवळ जाणारे एकच सामान्य पेय आहे, ते सोयाबीनचे. त्यात १०० ग्रॅमला सुमारे ३ ग्रॅम प्रथिने असतात, गाईच्या दुधात ३.२ ते ३.५. विकतच्या बदामपेयात ती बहुधा अर्ध्या-एक ग्रॅमच्या आसपास असतात, ओटच्या दुधात साधारण एक. विदर्भ-मराठवाड्यात लाखो हेक्टरांवर सोयाबीन पिकते, पण ते बहुतेक तेलाला व पेंडीला जाते; शेतकऱ्याच्या स्वतःच्या ताटात ते क्वचितच येते. याचे एक कारण त्याचा उग्र वास. दाणा पाण्यात भरडला जाताच लिपॉक्सिजिनेज हे विकर कामाला लागते आणि तो वास सुटतो. भिजवलेले दाणे उकळत्या पाण्यात घालून, गरम असतानाच वाटले तर वास पुष्कळ कमी होतो. दूध गाळून पुन्हा चांगले उकळावे लागते, कारण कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनाला अडथळा आणणारे घटक असतात.

शेंगदाणा आपल्या जिभेला ओळखीचा आणि खिशाला परवडणारा आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेने दुधात भुईमुगाची प्रथिने मिसळून ‘मिल्टोन’ हे पेय तयार केले होते. घरी शेंगदाण्याचे दही असे लावतात : एक वाटी कच्चे दाणे रात्रभर भिजवून, चोळून साले काढावीत. अडीच-तीन वाट्या पाण्यात गंधासारखे वाटून कापडातून पिळून घ्यावे. दूध सतत ढवळत उकळावे, नाहीतर तळाला लागते. बोट सोसेल इतके कोमट झाले की विरजण घालावे. दुधाचे दही नको असेल तर हिरव्या मिरचीचे आठ-दहा देठ त्यात बुडवून ठेवावेत. देठांवरचे जीवाणू विरजणाचे काम करतात. पहिले दही सैल लागते व वर निवळी येते. त्यातलेच चमचाभर पुढच्या दुधाला लावले की दुसरे घट्ट बसते. कढीला, कोशिंबिरीला, मठ्ठ्याला ते छान चालते. उरलेला चोथा थालीपिठात जातो. दाणे मात्र पारखून घ्यावेत, बुरशी धरलेल्या दाण्यात अफ्लाटॉक्सिन हे विष असते.

चहा हा खरा कसोटीचा पदार्थ. आपण दूध घालून चहा उकळतो, आणि बदामाचे किंवा सोयाचे दूध चहाच्या आम्लतेने व उष्णतेने फाटते. चहा आधी कोरा उकळून, आच बंद करून, दूध वेगळे गरम करून घालावे. काजूचे दूध गाळावे लागत नाही व दाटसर होते, पण जास्त उकळले तर आटून खिरीकडे झुकते. तयार ओटचे दूध चहात सर्वांत कमी कुरबूर करते.

पनीर, चीज, खवा : टोफू भुर्जीत, भाजीत पनीराची जागा सहज घेते. सोयाचे दूध लिंबू, व्हिनेगर किंवा कॅल्शियम सल्फेटने नासवून घरीही करता येते. चीजचे तसे नाही. दुधातील केसीन हे प्रथिन तापल्यावर वितळते व ताणले जाते. काजू, पिष्ट व खोबरेल यांच्या मिश्रणाला ते पूर्णपणे जमत नाही. खव्याला, पेढ्याला, बासुंदीला समाधानकारक वनस्पतिजन्य जोड आजही नाही. तिथे नक्कल करण्यापेक्षा तिळाची वडी, नारळाची बर्फी किंवा शेंगदाण्याचा लाडू करावा.

अंडे : अंड्याची स्वयंपाकातली कामे प्रामुख्याने तीन. त्यातील प्रथिने उष्णतेने गोठून पदार्थ बांधतात, फेटल्यावर हवा धरून तो हलका करतात, आणि बलकातले लेसिथिन तेल व पाणी एकत्र ठेवते. कटलेट-पॅटीस बांधायला बेसन, उकडलेला बटाटा किंवा भिजवलेले पोहे पुरतात. बिस्किटे व साध्या केकसाठी जवस उत्तम : एका अंड्याऐवजी एक मोठा चमचा ताजी जवसपूड तीन चमचे पाण्यात पंधरा मिनिटे भिजवली की चिकट बुळबुळीत होते. पिकलेले केळे ओलावा देते, पण आपली चव लपवत नाही. फुगवण्यासाठी खायचा सोडा व व्हिनेगर. आपल्या बेकऱ्यांतील ‘एगलेस’ केकात बहुधा दही, दूधभुकटी किंवा आटीव दूध असते, म्हणून तो शाकाहाऱ्याला चालतो, व्हीगनला नाही.

फेस धरणारा पर्याय अनपेक्षित ठिकाणी सापडला. २०१४ साली फ्रान्समधील जोएल रोसेल यांनी कडधान्य शिजवलेल्या पाण्याचा अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस होतो हे दाखवले. पुढच्या वर्षी त्याला ‘ॲक्वाफाबा’ नाव मिळाले. छोले शिजवून उरलेले दाट पाणी गार करून, चमचाभर लिंबूरस घालून विजेच्या रवीने फेटले तर पांढराशुभ्र फेस उभा राहतो. तीन मोठे चमचे पाणी म्हणजे साधारण एक अंडे. अमेरिकेत मुगाच्या प्रथिनांपासून ऑम्लेटचे द्रवही विकले जाते. आपल्याकडे बेसनाचे टोमॅटो ऑम्लेट घरोघर आणि हॉटेलांत कितीतरी आधीपासून होत आले आहे. त्यात चिमूटभर काळे मीठ घातले तर त्यातील गंधकामुळे अंड्याचा वासही येतो.

पोषण : एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने असतात. महाराष्ट्रात २०२३ च्या नोव्हेंबरात शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे द्यायचे ठरले, तेव्हा अंडे न खाणाऱ्या मुलांसाठी केळे किंवा स्थानिक फळ होते. केळ्यात जेमतेम एक ग्रॅम प्रथिन असते. ही अदलाबदल त्या मुलांवर अन्याय करणारी होती. तीस ग्रॅम शेंगदाण्यांत सात-साडेसात ग्रॅम प्रथिने मिळतात आणि गूळ-शेंगदाण्याचा लाडू शाळेत देणे अवघड नाही. कॅल्शियमसाठी नाचणी (१०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम), तीळ, राजगिरा व पालेभाज्या आहेत. तिळात व काही पालेभाज्यांत ऑक्झॅलेट असल्याने त्यातील सगळे कॅल्शियम अंगी लागत नाही. विकतच्या पेयांत कॅल्शियम वरून घातलेले असते व तळाशी बसते, म्हणून डबा हलवूनच ओतावे.

वेष्टन वाचणे : हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो, दूधविरहित असल्याचे नव्हे. घटकांत ‘मिल्क सॉलिड्स’, ‘व्हे’, ‘सोडियम केसिनेट’ असेल तर तो दुधाचाच. ‘नॉन-डेअरी’ म्हणवणाऱ्या क्रीमरमध्येही केसिनेट असू शकते. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ साली व्हीगन पदार्थांचे स्वतंत्र नियम व बोधचिन्ह आणले. ते पाहून घेणे सोपे.

एका वर्षाखालील बाळाला आईच्या दुधाऐवजी यांपैकी कोणतेही पेय देऊ नये. आईचे दूध नसेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारून बाळासाठीचेच दूध द्यावे. सोया, शेंगदाणा व काजू यांचीही अनेकांना ॲलर्जी असते. आणि दूध व अंडी दोन्ही सोडणाऱ्याने जीवनसत्त्व बी-१२ ची सोय पहिल्याच दिवशी करावी. कोणत्याही डाळीत, भाजीत, फळात ते भरवशाने मिळत नाही. त्याची उणीव कित्येक महिने जाणवत नाही आणि जाणवू लागते तेव्हा मज्जातंतूंना इजा झालेली असू शकते. डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करावी आणि ती चालू ठेवावी.