झाडीपट्टीची रात्र आणि घरांतला पडदा

"पाहण्यासारखें आतां कांहीं राहिलेंच नाहीं," हें वाक्य सुशिक्षित घरांत रात्रीच्या जेवणानंतर हमखास ऐकूं येतें. एकाच्या हातांत रिमोट असतो, दुसरा घड्याळाकडे पाहत असतो, वाहिन्या शेंकड्यांनीं असतात. थोडें सासूसुनांचें कारस्थान, थोडें वृत्तनिवेदकांचें ओरडणें आणि मधून मधून साबणाची जाहिरात एवढें पदरांत पडून पाऊण तासानें संच बंद होतो. या तक्रारींत तथ्य आहे असें माझें मत आहे. परंतु तक्रार करणारे बहुधा एवढेंच म्हणतात कीं, पूर्वीं चांगलें होतें, आतां वाईट झालें. चांगलें होतें तें कशाच्या बळावर होतें आणि पुढें बिघडलें तें कोणत्या वाटेनें, हें कोणी फारसें सांगत नाहीं. तो इतिहास मी आज जरा आडवाटेनें, म्हणजे चांदा व गडचिरोली या जंगली जिल्ह्यांच्या वाटेनें सांगणार आहें.

१९८२ च्या ऑगस्ट महिन्यांत दोन गोष्टी अकरा दिवसांच्या अंतरानें घडल्या. १५ तारखेस दूरदर्शनचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि पडद्यावर रंग आले. २६ तारखेस जुन्या चांदा जिल्ह्याचा पूर्वेकडील भाग वेगळा काढून गडचिरोली हा नवा जिल्हा निर्माण करण्यांत आला. पहिल्या गोष्टीचा गाजावाजा देशभर झाला. दुसरीची वार्ता विदर्भाबाहेर किती घरांत वाचली गेली असेल याची शंकाच आहे. नव्या जिल्ह्याचा सुमारें तीन चतुर्थांश भाग अरण्यानें व्यापलेला. त्याच्या हद्दींत आगगाडी थांबे ती वैनगंगेच्या कांठीं, वडशाला. रंगीत चित्र त्या अरण्यांत पसरायला पुढें बरींच वर्षें लागलीं. पण तोंवर तेथला माणूस रात्रीं अंधारांत नुसता बसून होता, अशी कोणी कल्पना करून घेऊं नये.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूरचा पूर्व भाग आणि गडचिरोलीचा उत्तर भाग मिळून जो धानाचा व झाडांचा मुलूख होतो, त्याला झाडीपट्टी म्हणतात. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, आरमोरी, वडसा, कुरखेडा हीं त्यांतलीं ठिकाणें. (दक्षिणेकडील एटापल्ली-भामरागडचा माडिया मुलूख आणि सिरोंच्याचा तेलुगु बोलणारा कांठ यांची गोष्ट निराळी आहे. त्यांचे नाच निराळे, गाणीं निराळीं. त्यांना स्वतंत्र भाषण हवें.) धान कापून घरांत आलें कीं शेतकऱ्याच्या हातांत चार पैसे येतात आणि जिवाला थोडी सवड मिळते. दिवाळीनंतर गांवोगांव मंडई भरते. पुढें शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती होतात. ज्या दिवशीं मंडई किंवा पट, त्या रात्रीं गांवांत कांहींतरी पाहायला असलेंच पाहिजे, असा तिकडचा रिवाज आहे. जुन्या काळीं दंडार असे, खडी गंमत असे. खडी म्हणजे उभ्यानें केलेली. तिला रंगमंच नाहीं, पडदा नाहीं. लुगडें नेसून बाईचें काम पुरुषच करणार आणि पाहणारे भोंवतीं गोल धरून बसणार. पुढें किर्लोस्कर, देवल, गडकरी यांच्या संगीत नाटकांची हवा विदर्भांतहि पसरली, आणि खेड्यांतल्या मंडळ्याहि पेटी-तबला घेऊन नाटकें करूं लागल्या.

येथें इतिहासाची एक मौज आहे. १९३१ सालीं 'आलम आरा' आला, १९३२ सालीं 'अयोध्येचा राजा' आला, आणि थोड्याच वर्षांत पुण्यामुंबईच्या बड्या नाटक मंडळ्यांचें बिऱ्हाड उठलें. बालगंधर्वांसारखा नट १९३५ सालीं 'धर्मात्मा' या बोलपटांत उभा राहिला. झाडींत मात्र बोलपटानें फारसें कांहीं बिघडविलें नाहीं. त्याला वीज लागे, इमारत लागे. खेड्यांत दोहोंचाहि पत्ता नव्हता. शहरांत जें मोडलें तें अरण्यांत शिल्लक राहिलें, आणि कालांतरानें त्याचा चांगला पोटापाण्याचा धंदा झाला.

वडसा हें त्या धंद्याचें आजचें ठाणें. आगगाडी आणि बाजारपेठ यांमुळेंच तें तसें झालें असावें. नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या तेथें एकीला एक लागून आहेत. हंगामाच्या आधीं गांवचीं मंडळें तेथें जातात, नाटक ठरवितात, तारीख घेतात आणि विसार देतात. म्हणजे खर्च गांवानें उचलायचा, तिकिटें गांवानें विकायचीं आणि तोटा आला तर तोहि गांवानेंच सोसायचा. त्या दिवशीं घरोघरीं लेकी-जांवई येतात, सोयरेधायरे येतात. मुलामुलींच्या लग्नाचीं बोलणीं याच दिवसांत निघतात. रात्रीं नऊदहानंतर नाटकाला तोंड लागतें तें पहाटेपर्यंत चालतें. विषय घरचेच: दारू, हुंडा, कर्ज, भावाभावांची वांटणी, शेतकऱ्याची आत्महत्या. गडचिरोली जिल्ह्यांत लोकांच्या चळवळीमुळें १९९३ सालीं दारूबंदी झाली. अशा मुलखांत दारुड्या नवऱ्याचा प्रवेश सुरू झाला म्हणजे पुढें बसलेल्या बायका त्या नवऱ्याला चांगल्या ओळखत असतात.

या नाटकांची कला फार सूक्ष्म आहे असें मी म्हणणार नाहीं. रंग भडक, रडणें मोठ्यानें, योगायोगांना सुमार नाहीं. शहरी रसिकाला पहिल्या अंकांत हंसूं येईल. दुसऱ्या अंकांत तें थांबतें, आणि कां थांबलें हें त्याचें त्यालाच कळत नाहीं.

आतां पडद्याकडे वळूं. दिल्लींत दूरचित्रवाणीचा प्रयोग १५ सप्टेंबर १९५९ रोजीं सुरू झाला. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं निघालें. ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष उपग्रहाच्या साहाय्यानें सहा राज्यांतील सुमारें २४०० खेड्यांत शेतीचे व शिक्षणाचे कार्यक्रम दाखविण्याची योजना झाली. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. सीमेपलीकडे, तेव्हां मध्यप्रदेशांत असलेल्या छत्तीसगडांत संच लागले, अलीकडे लागले नाहींत. त्या प्रयोगांत सारें गांव एका संचापुढें बसे, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

मुंबई केंद्राचे आरंभींचे दिवस ज्यांना आठवतात ते 'गजरा', 'प्रतिभा आणि प्रतिमा', 'आमची माती आमची माणसं' आणि चिं. वि. जोशींचा चिमणराव यांचें नांव काढल्याशिवाय राहत नाहींत. पुढें १९८८ या एकाच वर्षीं 'तमस' आणि 'भारत एक खोज' या दोन मालिका देशानें पाहिल्या. हें सगळें चांगलें होतें. पैसा सरकारचा, वाहिनी एकच, आणि लोकांनीं काय पाहावें हें ठरविण्याचा अधिकार मूठभर माणसांच्या हातीं. त्यांतल्या सुसंस्कृत मंडळींनीं तो बरा वापरला. त्याच अधिकाराखालीं मंत्र्यांचीं उद्घाटनेंहि आम्हीं मुकाट्यानें पाहिलीं, हें मात्र जुन्या दिवसांचे भक्त सोयीनें विसरतात. प्रेक्षकाला तेव्हांहि कोणी विचारीत नव्हतें. त्याचें दैव बरें, म्हणून ताटांत चांगलें पडलें.

दूरदर्शनला भारतीय व्यक्तित्व असावें, असा आग्रह डॉ. पी. सी. जोशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें ऐंशीच्या दशकांतच धरला होता. पण वारा निराळा वाहूं लागला होता. ७ जुलै १९८४ रोजीं 'हम लोग' सुरू झाली. ती लोकशिक्षणासाठीं योजिलेली आणि खरोखर चांगली मालिका. परंतु तिच्यामागून जाहिरातदार घरांत आला तो पुन्हां गेला नाहीं. १९९२ मध्यें झी, १९९९ मध्यें अल्फा मराठी, २००० मध्यें ई टीव्ही मराठी अशा खाजगी वाहिन्या आल्या. वाहिनीचें उत्पन्न जाहिरातींवर, जाहिरातीचा दर प्रेक्षकसंख्येवर, आणि प्रेक्षकसंख्या निवडक घरांतील संचांना जोडलेल्या मापकयंत्रांवर, अशी ही साखळी आहे. तीं यंत्रें शहरांत होतीं. खेड्यांचे आंकडे बार्क या मोजणी संस्थेनें प्रथम दिले ते ऑक्टोबर २०१५ मध्यें. म्हणजे ज्या वीसबावीस वर्षांत आजच्या मालिकांचा सांचा पक्का झाला, त्या काळांत कुरखेड्याच्या घरांतला संच चालू असो कीं बंद, मुंबईंत कोणाच्या खिशाला त्याची झळ लागत नव्हती.

शहरांतल्या श्रोत्यांनीं यावर हंसूं नये. तें यंत्र तुमच्याहि घरांत बहुधा नव्हतें. तुम्हीं वैतागून संच बंद केला तें तुमच्या कुटुंबापलीकडे कोणालाहि कळलें नाहीं. झाडींतला प्रेक्षक कंटाळून उठला आणि त्यानें घोंगडी झटकली कीं तें वर उभ्या असलेल्या नटाला त्याच क्षणीं कळतें. आणि गांवाला नाटक आवडलें नाहीं तर पुढल्या हंगामांत त्या कंपनीला तेथें तारीख मिळणें कठीण होतें. दोन्ही ठिकाणीं खेळ पैशासाठींच होतो. झाडीचे निर्माते कांहीं संत नव्हेत. पण त्यांचा पैसा ज्याच्या हातून येतो तो समोर जमिनीवर बसलेला असतो.

घरोघरीं संच आल्यावर हें नाटक आतां संपणार, असें वाटणें साहजिक होतें. तें संपलें नाहीं. त्याला रोग मात्र लागला, आणि तो पडद्याचाच. प्रवेशाप्रवेशांमध्यें सिनेमाच्या गाण्यांवरचे नाच आले. नुसत्या नाचांचे 'डान्स हंगामे'हि विदर्भांत होऊं लागले. मुंबईच्या मालिकांतील नटनटींचीं नांवें फलकावर मोठ्या अक्षरांत झळकूं लागलीं, आणि ज्याच्या आवाजावर सारा तालुका पोसला त्या गांवच्या नटाचें नांव खालीं बारीक झालें. बाहेरच्या नांवाला जो जास्त पैसा द्यावा लागतो तो कोणाच्या तरी वांट्यांतूनच निघणार. माझ्या समजुतीनें तो इथल्या लेखकाच्या आणि वादकाच्या वांट्यांतून निघतो.

खेड्यांतल्या विनोदाला सोवळें नेसवावें, असें माझें म्हणणें नाहीं. खडी गंमत कधींच सोवळी नव्हती. तिच्यांतली थट्टा त्या गांवची असे, त्या पाटलाची, त्या सावकाराची असे; ऐकणारा लाजे तो ओळख पटल्यामुळें लाजे. उसन्या गाण्यावरचा नाच आरमोरींतहि तोच आणि अमरावतींतहि तोच. त्याची मला भीति वाटते ती एवढ्यासाठीं कीं, जें घरच्या संचावर फुकट दिसतें तेंच मांडवांत तिकीट काढून पाहायला गांव किती वर्षें येईल? शहरी माणसाला पाहण्यासारखें कांहीं मिळेना, तर तो निदान तक्रार तरी करतो. झाडीचें नाटक आंतून पोकळ होऊन गेलें तर हजारों कलावंतांचा हंगाम जाईल, आणि त्या मुलखाला स्वतःच्या बोलींत स्वतःला पाहण्याचें साधनच उरणार नाहीं.

त्या नाटकाला खरे जबर धक्के बसले ते मात्र पडद्याचे नव्हते. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. बैलांचे हाल होत होते हें खोटें नव्हे. परंतु पट गेला म्हणजे पटाची जत्रा गेली, आणि जत्रेवर उभें असलेलें रात्रीचें नाटक लंगडें झालें. महाराष्ट्रांत या शर्यतींना १६ डिसेंबर २०२१ रोजीं अटींसह परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मध्यें त्यासंबंधींचा कायदा न्यायालयानें कायम केला. मधल्या काळांत २०२० ची महामारी आली आणि गर्दीचे सारेच खेळ थांबले. त्याच वर्षीं २८ मार्चपासून दूरदर्शननें १९८७ सालचें 'रामायण' पुन्हां दाखविलें, आणि १६ एप्रिलच्या भागाला ७ कोटी ७० लक्ष प्रेक्षक लाभल्याचें जाहीर केलें. ती मालिका कलादृष्ट्या असामान्य आहे असें मला वाटत नाहीं. नवीन कांहीं निघत नव्हतें, हेंहि एक कारण होतेंच. तरी एवढ्या वाहिन्या हाताशीं असतांना घरांतलीं चार माणसें एका वेळीं, एका ठिकाणीं बसलीं तीं तेहेतीस वर्षांच्या जुन्या खेळापुढें, याचा विचार वाहिन्यांच्या चालकांनीं करायला हवा होता. त्यांनीं तो केल्याचें दिसत नाहीं.

झाडीची रंगभूमि मात्र पुन्हां उभी राहिली. कुरखेडा तालुक्यांतील गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. सुमारें आठशें नाटकें आणि पांच हजारांवर प्रयोग, अशी त्यांच्या कामाची गणना सांगतात. तिकडे त्यांना झाडीपट्टीचे दादा कोंडके म्हणतात. आयुष्यभर धानाच्या मुलखांत रात्रीं जागविणाऱ्या विनोदी नटाचें नांव राष्ट्रपतिभवनांत पुकारलें गेलें, ही गोष्ट वडशाच्या कचेऱ्यांना पुष्कळ दिवस पुरेल.

आतां ज्यांना रात्रीं खरोखरच कांहीं पाहायचें आहे त्यांच्यासाठीं दोन शब्द. 'भारत एक खोज' आणि दूरदर्शनचे इतर कित्येक जुने कार्यक्रम प्रसार भारतीनें यूट्यूबवर ठेवले आहेत. रोज वाहिन्या चाळण्यापेक्षां आठवड्याचा एक वार ठरवून घरच्या सर्वांनीं त्यांतलें एखादें पाहावें. आणि दिवाळी ते होळी यांमध्यें सवड काढतां आली तर गोंदिया-बल्लारशाह मार्गावरच्या गाडीनें वडशाला उतरावें. कोणत्या गांवीं कोणतें नाटक आहे तें स्टेशनाबाहेर कोणीहि सांगेल. पहाटे धुकें उतरतें, घोंगडी जवळ असूं द्यावी. खुर्चीपेक्षां जमिनीवरची जागा बरी. शेजारच्या म्हाताऱ्या बाईचें बोलणें नाटकाइतकेंच ऐकण्यासारखें असतें. आणि मध्येंच सिनेमाच्या गाण्यावर नाच सुरू झाला तर उठून खुशाल चहा प्यायला जावें. तुम्ही उठलां, हें वर उभ्या असलेल्यांना दिसेल.